‘प्रवेश बंद’ची पाटी कशी वाचायची?

आजचा विषय वरवर पाहता छोटा आहे. जंगलाच्या दारावर लावलेली पाटी. ‘सोमवारी उद्यान बंद’, ‘या वाटेवर जाण्यास मनाई’, ‘पावसाळ्यात सफारी बंद’, ‘आजचे बुकिंग पूर्ण’. अशी पाटी दिसली की आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. चरफडत मागे फिरतो, नाहीतर बाजूच्या तुटक्या भिंतीतून आत शिरतो. पाटी वाचून ‘हे बंद का असेल बरं?’ असा विचार करणारे फार थोडे. आज आपण तेवढंच शिकायचं आहे. आमच्या दृष्टीनं हा नुसता शिस्तीचा विषय नाही. पाटी न समजल्यामुळे माणसं मरतात, प्राणीही मरतात. आणि कधीकधी पाटीच चुकीची असते, तेही समजेनासं होतं.

आधी कायदा पाहू, कारण गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. ‘सार्वजनिक जंगल’ म्हटलं की आपल्याला वाटतं, सार्वजनिक बाग असते तसंच हे. दार उघडंच असणार, बंद केलं तर आमचा हक्क गेला. कायद्याची मांडणी नेमकी उलटी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. त्याचं कलम २७ म्हणतं की अभयारण्यात परवान्याशिवाय कोणीही जाणार नाही. अपवाद मोजकेच आहेत. कामावर असलेला सरकारी कर्मचारी, तिथे राहण्याची परवानगी असलेला माणूस, आत ज्याची जमीन-मालमत्ता आहे तो, सार्वजनिक रस्त्यानं जाणारा, आणि या सगळ्यांवर अवलंबून असलेले घरचे लोक. बाकीच्यांसाठी कलम २८ आहे. मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात, आणि तो कशासाठी याची यादीच दिलेली आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, आतल्या रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार, आणि पर्यटन. हीच कलमं राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतात.

म्हणजे आपण खिडकीवर तिकीट काढतो तेव्हा तो एक परवाना असतो. जंगल मुळात बंद आहे, आणि ठरावीक वाटेनं, ठरावीक वेळी, काही अटींवर आपल्यासाठी उघडलं आहे. त्याच कलम २७ मध्ये आणखी एक वाक्य आहे, ते फारसं कुणाला माहीत नसतं. वन्य प्राण्याला छेडायचं नाही आणि आवारात कचरा टाकायचा नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. वेफर्सचं रिकामं पाकीट वाटेवर टाकणं हा नुसता वाईट संस्कार नाही, तो कायदेभंग आहे.

आता पाटीकडे येऊ. कोणतीही पाटी घ्या, ती चारपैकी एका प्रश्नाचं उत्तर देत असते. कुठे जायचं? केव्हा जायचं? किती जणांनी जायचं? आणि कसं वागायचं? कुठे, केव्हा, किती, कसं. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. प्रत्येक प्रश्नामागचं कारण वेगळं असतं, म्हणून एकेक पाहू.

केव्हा

मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक तिथे फिरायला जाऊन आलेले असतील. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जुनी माणसं अजूनही ‘बोरिवली नॅशनल पार्क’ म्हणतात, आणि त्याच्याही आधी ते ‘कृष्णगिरी’ होतं. क्षेत्रफळ साधारण १०४ चौरस किलोमीटर. पश्चिमेला बोरिवली-कांदिवली, पूर्वेला मुलुंड-भांडुप, ठाण्याकडून येऊर. तिन्ही बाजूंनी इमारती, आणि मध्ये बिबटे. कॅमेरा ट्रॅप लावून केलेल्या अलीकडच्या गणनांमध्ये त्यांची संख्या चाळीस-पन्नासच्या घरात आली आहे. एवढ्या दाट वस्तीच्या शहराला लागून इतके बिबटे असणं ही साधी गोष्ट नाही.

हे जमतं कसं? घड्याळामुळे. बिबट्या संध्याकाळ, रात्र आणि पहाट आपली मानतो. माणूस दिवस आपला मानतो. वाट एकच, पाळ्या दोन. संध्याकाळी दार बंद होतं ते कर्मचाऱ्यांना घरी जायची घाई असते म्हणून नव्हे, पाळी बदलते म्हणून. ज्या वाटेवरून आपण दुपारी कान्हेरीहून उतरलो, तिथूनच रात्री बिबट्या जातो. त्यालाही मोकळी, मळलेली वाट आवडते, झुडपातून अंग ओरबाडून घ्यायची हौस त्यालाही नाही. अंधार पडल्यावर आत थांबलेला माणूस, त्यातही एखादं लहान मूल किंवा खाली वाकलेला माणूस, ही पाळी मोडतो.

इथे एक इतिहास सांगायला हवा. २००२ ते २००४ या काळात या उद्यानाच्या आजूबाजूला बिबट्यांचे हल्ले खूप वाढले. २००४ चा जून महिना सगळ्यात वाईट गेला. तेव्हा उपाय ठरलेला होता: बिबट्या दिसला की पिंजरा लाव, पकड आणि दुसरीकडे सोड. त्याच सुमारास जुन्नर भागातही बिबटे पकडून दूर सोडले जात होते. डॉ. विद्या अत्रेय यांनी तिथे जे काम केलं त्यातून उलटंच चित्र दिसलं. अनोळखी प्रदेशात सोडलेला बिबट्या आपल्या मूळ जागेकडे परतू पाहतो, वाटेत माणसांच्या अंगणात शिरतो, आणि जिथे सोडलं तिथले हल्ले कमी होण्याऐवजी वाढतात. पुढे २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं माणूस-बिबट्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यात ही सरसकट पकडापकडी टाळायला सांगितलं. त्याच वर्षी मुंबईत वन विभाग, संशोधक आणि शहरातले नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हे काम सुरू केलं. सोसायट्यांमध्ये जाऊन बोलायचं, कचरा उचलायला लावायचा, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

थोडक्यात, बिबट्या हलवून प्रश्न सुटला नाही. माणसानं आपली वेळ आणि आपला कचरा सांभाळला तेव्हा फरक पडू लागला. संध्याकाळची ती पाटी याच अनुभवातून आलेली आहे.

‘केव्हा’चं दुसरं उदाहरण पावसाळ्याचं. ताडोब्याचा गाभा १ जुलैपासून तीन महिने पर्यटकांसाठी बंद असतो. का, असं विचारलं तर दहातले आठ जण सांगतात, ‘तो वाघांचा मीलनकाळ असतो.’ ऐकायला छान आहे, पण खरं नाही. वाघांची वीण वर्षभर चालते. खरं कारण साधं आहे. जंगलातले रस्ते मातीचे आहेत. पावसात त्यांचा चिखल होतो, गाडी रुतते, आणि ती काढायला दुसरी गाडी न्यावी लागते. ओल्या मातीत चाकोऱ्या खोल जातात, त्यातून पाणी वाहतं आणि रस्त्याचा ओढा होतो. ओढे अचानक भरतात. शिवाय तीन महिने माणसांच्या गर्दीतून जंगलालाही उसंत मिळते. कारण साधं असेल तर साधंच सांगावं. त्यात मीलनकाळाची गोष्ट घुसवली की लोकांना नियम रोमँटिक वाटतो, पण कळत नाही.

पावसाळ्यातल्या धबधब्यांचंही तसंच. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आपल्यापैकी अनेकांनी ती चित्रफीत पाहिली असेल. ती माणसं उभी होती तिथे थोड्याच वेळापूर्वी पाणी कमी होतं. डोंगराळ ओढ्याचा स्वभावच हा. पाऊस वर पडतो, लोंढा खाली येतो, आणि मधे सूचना देणारं कुणी नसतं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. बोरिवलीच्या जंगलातही हेच आहे. दहिसर नदी तुळशीच्या बाजूनं निघते, पोयसर नदी याच डोंगरात उगम पावते. मिठी नदी विहार आणि पवईच्या सांडव्याच्या पाण्यातून सुरू होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठीनं काय केलं ते मुंबईला सांगायची गरज नाही. जून ते सप्टेंबरमध्ये ओढ्याच्या वाटेवर ‘मनाई’ दिसली तर ती या पाण्याबद्दल असते.

कुठे

आता दुसरा प्रश्न. सगळं जंगल सगळ्यांना का दाखवत नाहीत?

बोरिवलीचंच पाहू. दारापासून आत आलं की बागा, खेळायच्या जागा, सफारीचे पिंजराबंद विभाग. त्यापुढे कान्हेरीचा डांबरी रस्ता. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेली ही वस्ती जवळपास हजार वर्षं नांदली. सोपारा आणि कल्याणच्या व्यापारी वाटांवरून लोक इथे येत होते. म्हणजे या जंगलात पाहुणे दोन हजार वर्षांपासून येत आहेत, आणि तेव्हाही मोजक्याच वाटांनी येत होते. त्या लेण्यांसमोर कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी पाहिल्या, तर किती माणसं तिथे राहू शकतील याचा हिशोब तेव्हाही पाण्यावरच होता हे लक्षात येतं.

या रस्त्याच्या पलीकडचा बराचसा भाग आपल्यासाठी बंद आहे. त्याची दोन कारणं. एक म्हणजे तलाव. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही मुंबईला पिण्याचं पाणी देतात, आणि त्यांचं पाणलोट क्षेत्र म्हणजे हे जंगल. तिथे सहली गेल्या तर त्याचा परिणाम आपल्याच नळाला येईल. दुसरं कारण, प्राण्यांना माणूस नसलेली जागा लागते. पिल्लं असलेली मादी, हरणांचे कळप, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. यांना नियम वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी नियम आपण पाळायचा असतो.

याच मुद्द्यावर देशपातळीवर मोठं प्रकरण झालं होतं. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन अंतरिम आदेशानं थांबवलं. एका बाजूनं लोक म्हणाले, गाभा म्हणजे वाघाचं घर, तिथे पर्यटक कशाला? दुसऱ्या बाजूनं म्हणाले, पर्यटक गेले की गावकऱ्यांचा रोजगार जाईल आणि शिकाऱ्यांवरचे डोळेही कमी होतील. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि बंदी उठली. त्या सूचनांनुसार गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन चालेल, आणि हळूहळू ते बफर क्षेत्राकडे वळवायचं. म्हणून आज ताडोब्यात बफरची इतकी दारं दिसतात. ‘गाभ्याचं बुकिंग मिळालं नाही, बफरच मिळालं’ असं तोंड पाडून सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. बफर हा दुय्यम दर्जाचा माल नाही. जंगलालगतच्या गावांना कमाई व्हावी, त्यांना वाघाचा त्रासच नव्हे तर फायदाही व्हावा, यासाठी ती रचना आहे.

किती

हा सगळ्यात जास्त भांडणाचा प्रश्न. ‘एवढं मोठं जंगल आणि म्हणे बुकिंग फुल्ल!’

हिशोब कसा करतात ते पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेऊ. समजा पर्यटनासाठी ४० किलोमीटरचा रस्ता आहे. दोन गाड्यांमध्ये अर्धा किलोमीटर अंतर हवं, नाहीतर मागच्याला नुसती धूळच दिसते. म्हणजे एका वेळी रस्त्यावर ८० गाड्या मावतील. हा झाला जागेचा हिशोब. आता त्यातून वजा करायला लागा. काही रस्ता पाण्यानं खराब आहे. एका पाणवठ्याजवळ पिल्लं आहेत, तो फाटा बंद. राहिल्या समजा ५५. मग शेवटचा प्रश्न: गाईड किती, वनरक्षक किती, तपासणीला माणसं किती? माणसं ४० गाड्यांपुरतीच असतील, तर मर्यादा ४० च. जागा, मग अडचणी, मग मनुष्यबळ. या तीन पायऱ्यांना वहनक्षमतेचा हिशोब म्हणतात. जंगल अफाट असून गाड्या थोड्याच का, याचं उत्तर यात आहे. रस्ता मोजतात, जंगल नाही.

पायी फिरण्याच्या जागी हिशोब आणखी नाजूक होतो. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांसोबत. त्याआधीही लोक जात होते, त्यानंतर लोंढाच सुरू झाला. कासला माती म्हणजे जांभ्या खडकावरचा पातळ थर. सीतेची आसवं, तेरडा यांसारखी फुलं त्या थरावर उभी असतात. फोटो काढायला एक पाऊल आत टाकलं, तर त्या जागी पुढच्या वर्षी काय उगवेल सांगता येत नाही. म्हणून हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आणि आधी नोंदणी. हे काम पाहतात आजूबाजूच्या गावांच्या समित्या. पैसे गावात राहतात आणि पाटीचं कारण सांगायला तिथलाच माणूस उभा असतो.

कासनं दुसराही धडा दिला. गर्दी अडवण्यासाठी तिथे कुंपण घातलं गेलं. कुंपणानं माणसं अडली, पण गुरंही अडली. गुरं चरायची थांबली की गवत माजतं आणि बुटकी फुलं त्याखाली दबतात, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं. पुढे ते कुंपण काढण्यात आलं. म्हणजे ‘बंद’ केलं की जंगलाचं भलंच होतं, असंही नाही. प्रत्येक बंदीला तपासणी हवी.

कसं

चौथा प्रश्न वागण्याचा. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफिती सगळीकडे फिरल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांकडे परवाने होते. जागा बरोबर होती, वेळ बरोबर होती. ‘कसं’ तेवढं चुकलं. मोबाईल आत न नेण्याचे नियम कडक होतात ते अशा प्रकारांमुळे. एका गाडीतून ‘इथे आहे’ असा निरोप गेला की दहा गाड्या तिथे जमतात.

माकडाला केळं देणं, मोठ्यानं गाणी लावणं, वणव्याच्या दिवसांत बिडी टाकणं, हे सगळं याच खात्यातलं. यासाठी वनरक्षक प्रत्येकामागे उभा राहू शकत नाही. इथे पाटीपेक्षा आपली समज जास्त कामाला येते.

आणि ज्यांचं घरच आत आहे?

आतापर्यंत आपण पाहुण्यांबद्दल बोललो. पण बोरिवलीच्या जंगलात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. त्यांना संध्याकाळी दार बंद झाल्यावर ‘घरी जा’ म्हणता येत नाही, ते घरीच असतात. वारली लोक वाघोबाला देव मानतात, त्याची ठाणी जंगलात आणि आरेत आजही आहेत. वाघोबाची पूजा म्हणजे बिबट्या निघून जावा ही मागणी नसते. तू तुझ्या वाटेनं, आम्ही आमच्या, असा तो करार असतो. वन विभागाच्या पाटीवर जे लिहिलेलं असतं ते त्या पाड्यावर आधीपासून ठाऊक होतं.

म्हणून आम्हाला एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे. शहरातल्या पर्यटकासाठी वाट रुंद करायची आणि पाड्यावरच्या बाईला सरपणासाठी अडवायचं, ही पाटी न्याय्य नाही. १९७२ च्या कायद्याला रहिवासी माहीत आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्यांचे हक्क मान्य केले आहेत. प्रवेशाचे नियम ठरवताना पहिला प्रश्न त्यांना विचारायला हवा, तिकीट खिडकीवरच्या रांगेला नंतर.

तर मंडळी, पाटी दिसली की चार प्रश्न विचारा: हे कुठेबद्दल आहे, केव्हाबद्दल, कितीबद्दल की कसंबद्दल? कारण सापडलं तर पाळा, मनापासून पाळा. कारण सापडलं नाही तर तोडू नका, लेखी विचारा. वन विभागाकडून आमची अपेक्षाही एवढीच आहे की ‘प्रवेश बंद’च्या खाली एक ओळ वाढवा. ‘पुलाचं काम चालू, अमुक तारखेपर्यंत.’ ‘ओढ्याला अचानक लोंढा येतो.’ ‘या भागात पिल्लं आहेत.’ कारण लिहिलेली पाटी लोक पाळतात. कारण नसलेल्या पाटीत धोका कोणता आणि आळस कोणता, हे बाहेरच्याला ओळखता येत नाही. मग लोक दोन्हींना सारखंच वागवतात, आणि धोका खरा असतो तेव्हा कुणाचा तरी जीव जातो.

श्रोत्यांचे प्रश्न

*आम्ही रोज पहाटे फिरायला जातो. आम्हालाही पर्यटकच धरायचं का?*
कायद्यानं तुम्हीही परवानाधारकच. पण तुमचा फायदा मोठा आहे, तुम्ही रोज तीच वाट पाहता. नवीन कचरा, तुटलेली भिंत, पडलेलं झाड तुम्हाला आधी दिसतं. ते कळवा. आणि उजाडायच्या आधी एकट्यानं, कानात गाणी घालून चालू नका. ती वेळ पाळी बदलायची आहे.

*वाटेत बिबट्या दिसलाच तर?*
थांबा. पळू नका, वाकू नका, त्याच्या मागे जाऊ नका. लहान मूल बरोबर असेल तर उचलून घ्या. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवून सावकाश मागे सरका. बहुतेक वेळा तो तुमच्या आधीच निघून जातो.

*तिकिटाचे दर वाढवले तर गर्दी आपोआप कमी होईल ना?*
गर्दी कमी होईल, पण ज्यांच्या खिशाला परवडतं त्यांचीच राहील. चाळीतल्या मुलानं जंगल पाहूच नये का? संख्या ठरवायची असेल तर नोंदणीनं ठरवावी, शाळांसाठी दिवस राखून ठेवावेत. हे जंगल मुंबईला पाणी देतं, आणि ते पाणी चाळीतही येतं. तेव्हा ते पाहायचा परवाना त्या मुलालाही मिळायला हवा.